दिवसाला सहा-सात माणसं, त्यातली निम्मी घरचीच

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. बी.कॉम. झालंय, घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, बँकेच्या परीक्षांचा अभ्यासही चालू आहे. गेल्या दिवाळीत ॲफिलिएट मार्केटिंगसाठी वेबसाइट काढली, म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की कमिशन मिळतं ते. ‘पंधरा हजारांच्या आतले चांगले मोबाइल’, ‘स्वस्तातले इअरबड्स’ असे चाळीसेक लेख इंग्रजीत टाकले. खरं सांगायचं तर एआयकडून लिहून घेतले. दिवसाला सहा-सात माणसं येतात, त्यातली निम्मी घरची. टेलिग्रामवरचा एकजण दीड हजारात दहा हजार व्हिजिटर देतो म्हणतोय. एक क्लासवाला पंचवीस हजारांत तीन महिन्यांत ट्रॅफिक, म्हणजे साइटवर येणारी माणसं, आणून दाखवतो म्हणतो. वडील म्हणतात, त्यापेक्षा बागेत ये, फवारणीला माणूस मिळंना. बागेत मी असतोच. जानेवारीत द्राक्षाची साखर बघायला मीटर घेऊन मीच फिरतो, आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं पंप घ्यायच्या आधी मलाच फोन करतात. पण कमाई बाहेरची हवी. ट्रॅफिक नेमकं येतं कुठून? विकत घेऊ का? मराठीत लिहिलं तर चालेल का? आणि किती दिवस वाट बघायची? काय सुचंना झालंय. नाव छापू नका.
– एक वाचक

उत्तर:

आधी पैशाचं बोलते, कारण ते घाईचं आहे. त्या टेलिग्रामवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस. दीड हजारात जे दहा हजार ‘व्हिजिटर’ येतील, ती बहुतेक माणसं नसतीलच. कुठल्यातरी सर्व्हरवरचा प्रोग्राम तुझं पान उघडेल आणि बंद करेल. मोजणीचा आकडा वर गेलेला दिसेल, पण त्यातून एक इअरबडही खपणार नाही. ॲफिलिएटमध्ये पैसे भेटीचे मिळत नाहीत, खरेदीचे मिळतात. शिवाय क्लिक भरमसाट आणि ऑर्डर शून्य असं दिसलं की देणाऱ्या कंपनीला संशय येतो आणि खातं बंद होऊ शकतं.

खात्यावरून आठवलं, तू ॲमेझॉनचं असोसिएट्स खातं, म्हणजे त्यांचं ॲफिलिएट खातं, काढलं असशील तर ते एकदा उघडून बघ. नोंदणी केल्यापासून १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री झाल्या नाहीत, तर ते खातं बंद करतात. तू दिवाळीत सुरुवात केलीस म्हणजे ती मुदत बहुधा उलटून गेली. घाबरू नकोस, पुन्हा अर्ज करता येतो. पण यावेळी क्रम बदल. आधी लेख, मग वाचक, आणि रोज थोडी अनोळखी माणसं यायला लागली की मग अर्ज. घड्याळ अर्जाच्या दिवसापासून चालू होतं, वेबसाइटच्या नाही. आणि तीन विक्री भरून काढायला स्वतःच्याच लिंकवरून खरेदी करायची नाही. ती धरत नाहीत आणि नियमात बसतही नाही.

क्लासचे पंचवीस हजारही राहू देत. कुणीही ‘तीन महिन्यांत ट्रॅफिक’ अशी हमी देऊ शकत नाही, कारण सर्चमध्ये कुणाला वर ठेवायचं हे गूगल ठरवतं आणि गूगल पैसे घेऊन तो क्रम लावत नाही. शिकायला लागतं ते सगळं गूगलने स्वतः फुकट लिहून ठेवलंय.

आता तुझ्या चाळीस लेखांविषयी. त्यातला एक तरी मोबाइल तू हातात घेतला होतास का? मोबाइलवर लिहिणाऱ्या मोठ्या वेबसाइटांकडे फोन आणून महिनाभर वापरणारी माणसं असतात, कॅमेऱ्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवणारी माणसं असतात. त्यांच्या शंभर लेखांनंतर, त्याच माहितीवरून यंत्राने जुळवलेला एकशे एकावा लेख गूगलने का दाखवावा? मार्च २०२४ मध्ये गूगलने आपले नियम आणखी कडक केले. सर्चमध्ये वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला, वाचणाऱ्याच्या हाती काही न देणारा मजकूर स्पॅम धरला जातो, मग तो माणसाने लिहिलेला असो की एआयने. दुकानाच्या पानावरचं वर्णन उचलून खाली लिंक चिकटवलेली पानंही त्याच यादीत येतात. त्यामुळे इंग्रजी कच्चं म्हणून किंवा नशीब नाही म्हणून माणसं येत नाहीत, असं समजू नकोस. तिथे तुझं असं काही नाही, एवढंच.

आणि तुझं असं काय आहे, ते तूच पत्रात दोन ओळींत सांगून पुढे निघून गेलास. जानेवारीत मीटर घेऊन तू फिरतोस. पंप घेण्याआधी माणसं तुला फोन करतात.

अरे, ट्रॅफिक म्हणतात ते हेच. ज्याला वस्तू घ्यायची आहे, जो अडलाय, ज्याला प्रश्न पडलाय, तो विश्वासाच्या माणसाला विचारतो. आज तो तुला फोन करतो, कारण तुझा नंबर त्याच्याकडे आहे. ज्याच्याकडे तुझा नंबर नाही, तो पलूसचा, कवठेमहांकाळचा, पंढरपूरचा, नाशिककडचा द्राक्षवाला तोच प्रश्न फोनवर गूगलला विचारतो. त्याला उत्तर तुझ्या पानावर मिळालं पाहिजे. ट्रॅफिक कुठून येतं याचं उत्तर एवढंच आहे: ते आधीपासून आहे, माणसं रोज शोधतायत, आपण उत्तर घेऊन त्या वाटेवर उभं राहायचं.

तेव्हा मोबाइल सोड आणि द्राक्षबागेची अवजारं घे. फक्त अवजारं. सगळी शेती नको, सगळी द्राक्षंही नकोत. बॅटरीचा फवारणी पंप, छाटणीची कात्री, रसातली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर, पाण्याची आम्लता आणि क्षार बघायचे पीएच आणि ईसी मीटर, पर्जन्यमापक, ड्रिपचे फिल्टर आणि लहानसहान सुटे भाग. एवढ्यात दोन वर्षं पुरेल इतकं लिहिण्यासारखं आहे.

उदाहरण म्हणून ब्रिक्स मीटर घेऊ. दुकानाच्या पानावर काय लिहिलेलं असतं? ० ते ३२ ब्रिक्स, तापमानाची आपोआप दुरुस्ती, सोबत डबी. आता ज्या शेतकऱ्याने तो आजवर वापरलेला नाही, त्याला पडणारे प्रश्न बघ. शून्य कसा लावायचा? तर काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकायचा, झाकण ठेवायचं, उजेडाकडे धरून बघायचं आणि निळा-पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ शून्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. रस कुठल्या मण्याचा घ्यायचा? घडाच्या वरच्या खांद्याकडचा मणी गोड लागतो आणि शेंड्याकडचा मागे असतो, म्हणून वरचा, मधला आणि खालचा असे मणी घ्यायचे. तेही एकाच वेलीचे नाहीत, उन्हातल्या बाजूचे आणि सावलीतल्या बाजूचे. झाकणाखाली बुडबुडा राहिला तर रेघ अस्पष्ट दिसते. प्रत्येक थेंबानंतर काच पुसली नाही तर आधीचा रस पुढच्यात मिसळतो आणि आकडा चुकतो. बेदाण्याला माल जायचा असेल तर २२ ब्रिक्सच्या पुढची साखर बघायची, खायच्या द्राक्षाला इतकं थांबायची गरज नसते. हे सगळं तुला झोपेतही सांगता येईल. हाच लेख.

त्यात फोटो तुझ्याच बागेतले हवेत. भिंगातून दिसणारी ती निळी-पांढरी रेघ मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपणं अवघड जातं, पण दहा वेळा धडपडलास तर एकदा जमतं. तो एक फोटो तुझ्या आधीच्या चाळीस लेखांपेक्षा जास्त कामाचा आहे, कारण तो दुसऱ्या कुणाकडे नाही. आजकाल साध्या प्रश्नाचं उत्तर गूगल स्वतःच वर एआयने जुळवून देतं, तेवढ्यावर भागलं तर माणूस खाली येतच नाही. त्यामुळे कुठूनही जुळवता येईल असं लिहिण्यात आता अर्थ उरलेला नाही. वापरलेल्या माणसालाच माहीत असतं ते लिही.

पंपाचंही तसंच. बागेची मोठी फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर नाहीतर एचटीपीवर, म्हणजे जास्त दाबाच्या मोठ्या पंपावर, होते, हे तुला मी सांगायला नको. पण कडेची रांग, रोपं, बांधावरचा भाजीपाला यांना पाठीवरचा बॅटरी पंपच लागतो, आणि तिथेच माणसं गोंधळतात. १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी घेऊ की १२ एएचची? भरलेली १६ लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन. साठीतला माणूस ते किती वेळ पेलेल? एका चार्जिंगवर किती टाक्या निघतात? डब्यावर छापलेला आकडा देऊ नकोस. तुझ्या पंपावर मोजून दे, नोझल कोणता होता तेही लिही. वर्षा-दोन वर्षांनी बॅटरी बसली तर नवी सांगलीत कितीला मिळते, कुठला वायसर आधी जातो, चार्जर बिघडला तर काय करायचं. हे वाचून जो पंप घेईल, तो पुढच्या वेळी काही घ्यायचं झालं तर आधी तुझं पान उघडेल.

लिहायचं अर्थातच मराठीत. ‘चालेल का’ म्हणून विचारलंस, मी म्हणते मराठीतच लिही. इंग्रजीत तुझ्यापुढे जगभरचे लोक उभे आहेत. मराठीत या विषयावर नीट, फोटोसकट, मोजून लिहिलेलं फार थोडं आहे, आणि घेणारा माणूस मराठी वाचणारा आहे. पुढेमागे वाचक वाढले तर गूगलच्या जाहिरातीही मराठी पानांवर घेता येतात.

मात्र माणसं शोधताना कसं बोलतात ते कान देऊन ऐक. ब्रिक्स मीटरचं पुस्तकी नाव ‘रिफ्रॅक्टोमीटर’, पण तसं कुणी म्हणत नाही. कुणी ब्रिक्स मीटर म्हणतं, कुणी साखर मीटर, कुणी ‘साखर बघायचं यंत्र’. गूगलच्या चौकटीत अर्धं वाक्य टाकून थांब, खाली जी वाक्यं आपोआप येतात ती माणसांनी शोधलेल्याच गोष्टींवरून येतात. ती वहीत लिही. मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करूनही बघ, कारण कितीतरी जण तसंच लिहितात, आणि बरेच जण माइकवर बोलून शोधतात. मग शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात तीच नावं आली पाहिजेत. चार वेगळी नावं म्हणून चार वेगळे लेख करू नकोस, एकाच लेखात चारही नावं सहज येऊ देत. बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी मूठभर माल हातावर घेऊन पारखतो, तसा वाचक पहिल्या चार-पाच ओळींत तुला पारखतो. तिथे ‘आजच्या आधुनिक युगात’ वगैरे सुरुवात केलीस की तो गेला.

वेळेचं गणित तुझ्या धंद्यात तुला आयतं मिळालंय. नवीन साइटवरचा लेख गूगलमध्ये रुळायला काही महिने जातात. म्हणजे ज्या आठवड्यात माणसं शोधतात, त्या आठवड्यात लिहून उपयोग नाही. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी म्हणतात खरी, पण आगाप, म्हणजे लवकर धरलेल्या, बागा त्याच्या बऱ्याच आधी छाटल्या जातात. छाटणी झाली की फवारण्या सुरू. आता जुलै चालू आहे, त्यामुळे कात्री आणि पंपाचे लेख या महिन्यातच टाक. ब्रिक्स मीटरचा लेख दिवाळीच्या आत हवा, म्हणजे जानेवारीत साखर बघायच्या वेळेला तो वर आलेला असेल. बेदाण्याच्या रॅकची जाळी, ताडपत्री, वजनकाटा यांचं डिसेंबरात, एप्रिलच्या खरड छाटणीचं (माल निघाल्यावरची छाटणी) जानेवारीत. महिन्याला तीन-चार लेख झाले तरी पुष्कळ. चाळीसची घाई नको.

आणि सर्च कन्सोल जोडून घे. गूगलचंच आहे, फुकट आहे. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्यायचा, बस. त्यात दिसतं की कुठले शब्द शोधल्यावर तुझं पान लोकांना दिसलं, कितीदा दिसलं, किती जणांनी दाबलं आणि ते साधारण कितव्या नंबरला होतं. रोज उघडून बसू नकोस, मन खट्टू होईल. महिन्यातून एकदा बघ. ज्या शब्दाला पान आठव्या ते विसाव्या नंबरला दिसतंय, तिथे मेहनत घाल. त्या प्रश्नाचं उत्तर लेखात खरंच आहे का? नसेल तर चार ओळी, एक फोटो वाढव. पुष्कळदा तू ज्याचा विचारही केला नव्हतास असा शब्द तिथे सापडतो, तो पुढच्या लेखाचा विषय. १६ महिन्यांपर्यंतची माहिती तिथे राहते, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरला या ऑक्टोबरशी ताडून बघता येईल. हंगामी विषयात मागच्या महिन्याशी तुलना करून काही कळत नाही.

शेतकरी गूगलपेक्षा यूट्यूबवर जास्त असतो, हेही लक्षात घे. साखर बघायचा तीन मिनिटांचा व्हिडिओ कर, बागेतच उभं राहून, आपल्या बोलीत. तोंड दाखवायचं नसेल तर हात आणि मीटर दिसला तरी पुरे. खाली वेबसाइटची लिंक. व्हिडिओ बघून जो अडतो तो तपशील वाचायला साइटवर येतो. व्हॉट्सॲपच्या द्राक्ष ग्रुपमध्ये मात्र विक्रीची लिंक टाकू नकोस. कुणी प्रश्न विचारला तर तिथेच उत्तर दे आणि सविस्तर हवं असेल तर लेख पाठव. सारखा लिंका टाकणारा माणूस ग्रुपमध्ये आठवड्यात नकोसा होतो. कुठल्या ठिकाणी लिंक टाकायला परवानगी आहे हे प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं, ते एकदा बसून वाच.

कमिशन मिळतं हे लपवू नकोस. लेखाच्या वरच, मराठीत, सरळ लिही: ‘खालच्या लिंकवरून घेतल्यास मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते.’ केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: शिफारस करणाऱ्याचा त्यात आर्थिक संबंध असेल तर तो स्पष्ट दिसेल असा सांगायचा. दिशाभूल करणारी शिफारस केली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तुझे वाचक तुझ्याच शिवारातले असणार. एखादी गोष्ट ऑनलाइन घेण्यापेक्षा सांगलीच्या दुकानातून घेतलेली बरी असेल, कारण तिथे सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते, तर तसं लिही. एक कमिशन जाईल, जाऊ दे. ज्याला तू खरं सांगितलंस तो परत येतो, आणि परत येणारा वाचक ज्या साइटकडे आहे तिला गूगलच्या प्रत्येक बदलाची धास्ती घ्यावी लागत नाही.

एका बाबतीत मी तुला कळकळीने बजावते. औषधांचे डोस, फवारणीचं वेळापत्रक लिहू नकोस, कितीही वाचक मागोत. डाऊनी रोगाच्या दिवसांत शोध त्याचाच जास्त होईल आणि मोहही होईल. पण चुकलं तर एखाद्याचं वर्षाचं पीक जातं, नाहीतर औषधाच्या उर्वरित अंशामुळे निर्यातीचा माल नाकारला जातो. त्यासाठी पुण्याजवळ मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचा सल्ला नियमित येतो. त्याची लिंक दे आणि आपण अवजारांवरच राहा.

बारीकसारीक दोन गोष्टी. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो लहान करूनच चढव, शिवारात रेंज कशी असते तुला माहीत आहे. आणि जुने लेख काढून टाक, सगळे. साइटचं नाव मोबाइलच्या विषयावरून ठेवलं असशील तर नवीन नाव घे. तिथे वाचक नव्हतेच, त्यामुळे काही बुडणार नाही.

आता किती दिवस, आणि किती पैसे. समजा हजार रुपयांच्या वस्तूवर पाच टक्के कमिशन धरलं तर ५० रुपये. शंभर जणांनी लिंक दाबली आणि त्यातल्या तिघांनी वस्तू घेतली तर १५० रुपये. शिवाय ॲमेझॉनवर लिंक दाबल्यापासून २४ तासांच्या आत त्याने वस्तू टोपलीत टाकली तरच ती तुझ्या नावावर लागते. म्हणून या हिशेबावर कर्ज काढायचं नाही, अभ्यास सोडायचा नाही. द्राक्षाचा एक पूर्ण हंगाम, म्हणजे या छाटणीपासून पुढच्या छाटणीपर्यंत, हे काम आठवड्याचे पाच-सहा तास देऊन कर. एप्रिलपर्यंत सर्च कन्सोलमध्ये दिसण्याचा आकडा महिन्यागणिक वाढत असेल, तर पैसे आलेले नसले तरी काम बरोबर चाललंय. तेव्हाही आकडा जागचा हलला नसेल, तर लेख बदलायचे की विषय, ते बघू.

वडिलांना काय सांगू, असं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. फवारणीला जा. पंप तूच पाठीवर घे, टाक्या मोज, वेळ टिपून ठेव. पहिला लेख त्यातूनच निघणार आहे. या महिन्यात तो टाकलास की जानेवारीत मला सर्च कन्सोलमधली शब्दांची यादी पाठव. त्यावरून पुढचे चार लेख कोणते घ्यायचे ते आपण ठरवू.